मार्चिंग टेनरवरील वेग आणि तंत्र : २०२४ च्या हंगामातील प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

मार्चिंग टेनर या वाद्यावरील वेग आणि हाताची सफाई वाढवण्याच्या कामाची नोंद आजपासून ठेवत आहे. इंडियाना राज्यातील ज्या विद्यापीठात मी पदव्युत्तर शिक्षण घेते, तेथील मार्चिंग बँडच्या, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडच्या, ड्रमलाइनसाठी (ड्रमवादकांच्या ओळीसाठी) टेनर वादकांची निवड एप्रिलअखेर होणार असून तिला पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही बसता येते. ड्रम कोअर इंटरनॅशनल या मैदानी वादन पथकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या उन्हाळी पथकांची वयोमर्यादा मी ओलांडलेली असल्याने हे वाद्य मैदानावर वाजवण्याचा माझ्यापुढे असलेला मार्ग हाच आहे.

मराठी वाचकांसाठी वाद्याचे थोडक्यात वर्णन करणे आवश्यक आहे. एका कॅरियरवर, म्हणजे खांद्यांवरून घेऊन पोटाशी टेकवलेल्या सांगाड्यावर, अर्धवर्तुळात बसवलेले १०, १२, १३ आणि १४ इंच व्यासाचे चार मुख्य ड्रम असतात आणि त्यांच्या मध्ये ६ इंचांच्या आसपासचे एक किंवा दोन छोटे ड्रम असतात, ज्यांना वादक ‘स्पॉक’ म्हणतात. ड्रमची संख्या पाच किंवा सहा झाली तरी वाद्याला बोलताना ‘क्वाड्स’च म्हटले जाते. लहानापासून मोठ्यापर्यंत १ ते ४ असे क्रमांक असतात, परंतु मांडणी त्या क्रमाने नसते. वादकाच्या डावीकडून उजवीकडे पाहिल्यास ४, २, १, ३ असा क्रम लागतो, म्हणजे दोन लहान ड्रम मध्यभागी आणि दोन मोठे टोकांना येतात. पान, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, फक्त वरच्या बाजूला असते, खालची बाजू उघडी असते.

पुण्यात असताना मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होते, त्यामुळे हातांना वेगाची सवय आहे. आज मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, केलेल्या पहिल्या मोजणीत एकाच ड्रमवर चौगुन, म्हणजे एका ठोक्यात चार आघात, मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत स्वच्छ आली. मात्र तीच चौगुन चारही ड्रमवर फिरवत नेली तेव्हा १०८ च्या पुढे ती विस्कटू लागली. या दोन आकड्यांमधील अंतर कमी करणे एवढाच या प्रकल्पाचा विषय आहे.

४ फेब्रुवारी

बँडचे ड्रम हंगामाबाहेर कुलपात असतात आणि माझ्या घराच्या भिंती पातळ आहेत, म्हणून सरावासाठी फळी तयार केली. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर ६ मिलिमीटर जाडीच्या रबराच्या चकत्या बसवल्या आहेत. बाजारात टेनरच्या मांडणीचे तयार पॅड मिळतात, परंतु त्यांतील ड्रमच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतात. माझ्या चकत्या मी व्हेल्क्रोने चिकटवल्या असल्यामुळे त्या हव्या तशा जवळ किंवा दूर सरकवता येतात. हे केवळ पुन्हा मोजमाप करावे लागले तर सोय असावी म्हणून केले होते, पण त्याचा अधिक चांगला उपयोग दिसू लागला आहे; त्याविषयी पुढे लिहीन.

रबराचा एक दोष आरंभीच लक्षात घ्यायला हवा. रबर सगळीकडे सारखी आणि भरपूर उसळी देते, खऱ्या टेनरची पाने तशी वागत नाहीत. स्नेअर या ड्रमलाइनमधल्या दुसऱ्या प्रकारच्या ड्रमचे पान अत्यंत ताणलेले असते. टेनरची पाने त्या मानाने सैल असतात आणि त्यातही स्पॉक घट्ट, तर १४ इंचांचा चौथा ड्रम सर्वांत सैल असतो. त्यामुळे हाताने एकाच फेरीत तीन-चार वेगवेगळ्या उसळ्यांशी जुळवून घ्यायचे असते. फळीवर याची थोडीफार नक्कल व्हावी म्हणून चौथ्या चकतीवर दुहेरी फ्लॅनेल आणि तिसरीवर एकेरी फ्लॅनेल ताणून बसवले आहे.

२५ फेब्रुवारी

आज आघाताच्या जागा निश्चित केल्या. टेनर पानाच्या मध्यावर वाजवत नाहीत. मध्यावर आघात केल्यास आवाज ठप्प आणि आखूड येतो, तर कडेपासून साधारण ४ ते ५ सेंटिमीटर आत वाजवल्यास स्वर मोकळा होतो आणि प्रत्येक ड्रमची उंची-खोली स्पष्ट कळते. नादाची ही गरज आणि वेगाची गरज येथे सुदैवाने एकाच दिशेने जातात, कारण कडेजवळच्या जागा निवडल्या की हाताला कापावे लागणारे अंतर घटते. पहिल्या आणि तिसऱ्या ड्रमच्या मध्यांमधील अंतर माझ्या मोजणीत सुमारे ३० सेंटिमीटर भरले. आघाताच्या जागांमधील अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास राहिले.

खडूने या जागा चकत्यांवर आखल्यावर त्या वादकाभोवती एका सपाट कमानीत येतात. मॅलेटची, म्हणजे टेनर वाजवायच्या काड्यांची, टोके या कमानीवरूनच सरकली पाहिजेत. मनगटाने फक्त वर-खाली व्हायचे, आडवी हालचाल कोपरापासून पुढच्या हाताने करायची आणि खांदा उचलायचा नाही, ही सर्वमान्य शिकवण आहे. माझ्या हाताची चित्रफीत सेकंदाला २४० चौकटींच्या गतीने घेऊन पाहिली, तर पहिल्या ड्रमवरून तिसऱ्यावर जाताना उजवे मनगट बाहेरच्या बाजूला वळते आणि मॅलेट पानावर तिरपी उतरते, असे स्पष्ट दिसले. तिरप्या आघाताची उसळीही तिरपीच येते आणि पुढचा आघात तिथेच बिघडतो.

१० मार्च

कानाला जे ‘विस्कटणे’ वाटते ते नेमके काय असते, हे पाहण्यासाठी वादन ध्वनिमुद्रित करून संगणकावर ध्वनिलहरी मोठ्या करून मोजल्या. १२० च्या लयीत चौगुनीतील दोन आघातांमध्ये १२५ मिलिसेकंद अंतर हवे. एकाच चकतीवर माझे आघात १२१ ते १२९ च्या दरम्यान पडतात, म्हणजे हात बरे आहेत. फेरीमध्ये मात्र नव्या चकतीवरचा पहिला आघात १४० च्या पुढे जातो आणि त्यानंतरचा डाव्या हाताचा आघात उशीर भरून काढण्यासाठी ११० वरच येऊन पडतो. चार आघातांची बेरीज बरोबर येते आणि मेट्रोनोमचा ठोका चुकत नाही, त्यामुळे वादकाला आपण लयीत आहोत असे वाटत राहते. ऐकणाऱ्याला मात्र लंगडी चाल ऐकू येते.

मोजणी करताना लहरीचे शिखर न धरता तिचा आरंभ धरावा लागतो. फ्लॅनेलवरचा आणि खऱ्या मोठ्या ड्रमवरचाही आघात शिखरापर्यंत सावकाश चढतो, त्यामुळे शिखरे धरून मोजल्यास चौथा ड्रम उगाचच उशिरा दिसतो.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड झाली. उशीर हाताच्या वेगामुळे होत नाही, हात निघण्याच्या क्षणामुळे होतो. आघात झाला की मॅलेट सरळ वर येते, तिथे क्षणभर थांबते आणि मग आडवी निघते. वास्तविक उसळी वर येत असतानाच आडवा प्रवास सुरू व्हायला हवा. ताशावर हात जागचा हलत नसल्यामुळे काडी वर येण्याची वाट पाहणे ही तिथे शिस्तच असते आणि माझ्या हातांत ती पक्की बसली आहे.

१७ मार्च

सरावाची दिशा बदलली. रूढ पद्धतीत ड्रमची जागा कायम ठेवून मेट्रोनोम दोन-दोन, चार-चार ठोक्यांनी वाढवत नेतात. मी याच्या उलट करून पाहत आहे: लय सुरुवातीपासूनच १३२ ठेवायची आणि चकत्यांमधील अंतर वाढवत न्यायचे. आघाताच्या जागा ६ सेंटिमीटरवर आणल्या तर १३२ ची फेरी आजही सहज येते, कारण एवढ्या अंतरासाठी हाताला वेगळा प्रवास असा करावाच लागत नाही. ध्वनिमुद्रणात सलग आठ मात्रा सम, म्हणजे एकसारख्या अंतराच्या, दिसल्या की चकत्या एक सेंटिमीटरने दूर सरकवायच्या.

या पद्धतीच्या मागचा विचार असा, की मंद लयीत केलेली हालचाल आणि जलद लयीत लागणारी हालचाल एकसारखी नसते. ७० च्या लयीत वर थांबून आडवे जाण्यास पुष्कळ वेळ असतो आणि हात तेच शिकतो. पुढे लय वाढली की शिकलेली हालचाल टाकून दुसरी शिकावी लागते. अंतर वाढवत गेल्यास हालचालीची जात पहिल्यापासून तीच राहते, तिचा आवाका तेवढा वाढतो. मंद लयीतील सराव निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही; आघाताचा नाद, दोन्ही हातांची सारखी उंची आणि बोटांची पकड तपासण्यासाठी तो रोजच लागतो.

७ एप्रिल

आघाताच्या जागा १५ सेंटिमीटरवर असताना १३२ ची फेरी सम येते. आता स्वीप हाती घेतला आहे आणि टेनरवरील खरी अडचण इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वीप म्हणजे एकाच हाताचे लागोपाठचे दोन आघात दोन वेगवेगळ्या ड्रमवर वाजवणे. उजवा-डावा असा एकेरी क्रम असेल तर १२० च्या चौगुनीत प्रत्येक हाताला आपल्या दोन आघातांमध्ये २५० मिलिसेकंद मिळतात. उजवा-उजवा-डावा-डावा असा दुहेरी क्रम असेल तर त्याच लयीत एका हाताचे दोन आघात १२५ मिलिसेकंदांत होतात आणि त्यानंतर त्या हाताला ३७५ मिलिसेकंद मोकळे मिळतात. म्हणजे स्वीपमध्ये प्रवासाचा वेळ निम्मा होतो, पण त्याच्या मागे-पुढे भरपूर मोकळीक असते. ही मोकळीक मी वापरत नव्हते; हात दुसऱ्या ड्रमवर आघात करून तिथेच रेंगाळत होता आणि पुढच्या स्वीपसाठी ऐनवेळी परत येत होता. दुसरा आघात झाल्याबरोबर हात पहिल्या जागी परत आणून ठेवणे, एवढ्या एका बदलाने फेरी बरीच शांत झाली.

दुसरा प्रश्न नादाचा आहे. स्वीपचा दुसरा आघात बहुतेक वेळा कमजोर आणि घसरता येतो, कारण पहिल्या आघाताच्या उसळीवरच तो उरकला जातो. एका पानावर दुहेरी आघात वाजवताना ते चालते. तिथे मनगटाने एक आघात करून दुसरा बोटांवर सोडता येतो. ड्रम बदलताना उसळीची शक्ती आडव्या प्रवासात खर्च होते, म्हणून दुसऱ्या आघाताला मनगटाचा स्वतःचा छोटा झटका द्यावाच लागतो. हे वेगळे काढून शिकण्यासाठी पहिला आघात हवेत आणि फक्त दुसरा चकतीवर, असा सराव करते. हवेतल्या आघाताला उसळी नसल्यामुळे दुसऱ्याला तिचा आधार उरत नाही आणि मनगटाला काम करावेच लागते.

आत येणारे स्वीप, म्हणजे ३ वरून १ वर आणि ४ वरून २ वर, बाहेर जाणाऱ्यांपेक्षा मला सोपे जातात. बाहेर जाताना कोपर शरीरापासून उघडावे लागते आणि तेवढ्यात मनगट वळते. यावर उपाय म्हणून कोपरे आधीच थोडी बाहेर, बगलेत मूठ मावेल इतकी ठेवली आहेत.

२८ एप्रिल

निवड चाचणी होऊन माझी निवड झाली. चाचणीत विचारलेल्या गोष्टी अपेक्षित होत्या: एका हाताने आठ-आठ आघातांचा सराव, पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा क्रम) चारही ड्रमवर, दुहेरी आघातांची फेरी आणि स्वतः निवडलेली एक रचना. प्रत्येक हाताने सलग आठ आघात वाजवण्याचा पहिला सराव जवळजवळ प्रत्येक ड्रमलाइनमध्ये असतो. त्याचे महत्त्व असे, की तो दुगुनीत वाजवला तरी त्यात एका हाताचा वेग तेवढाच असतो जेवढा त्याच लयीच्या चौगुनीत लागतो. म्हणून १५० ला हा सराव दोन्ही हातांनी सारखा येत नसेल तर १५० च्या चौगुनीची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

१९ मे

पुण्यातल्या पथकात आमचे ताशे बांधून घेणाऱ्या दादांना सरावाची चित्रफीत पाठवली होती. त्यांनी दोन वेळा पाहून फोन केला आणि फक्त एवढे म्हणाले, “अगं, उजवा हात काडी उचलतोय, डावा नाही उचलत. दोन्हीकडनं एकसारखं होऊ दे.” पुन्हा पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे ठरले. उजवी मॅलेट उसळीच्या वर आणखी उचलली जात होती आणि त्यामुळे उजव्या हाताचा आघात किंचित जड येत होता. टेनर त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

मात्र ताशाची पकड इथे जशीच्या तशी चालत नाही. ताशाची काडी बारीक, लवचीक आणि वजनाला नगण्य असते. ती बोटांच्या टोकांत खेळवता येते. टेनरची मॅलेट जड असते, तिला अंगठा आणि तर्जनीमध्ये ठाम टेकू लागतो आणि उरलेली बोटे तिच्याभोवती मिटलेली, पण न आवळलेली, हवीत. बोटे उघडी ठेवून वेग मिळतो, परंतु चौथ्या ड्रमच्या सैल पानावर आवाज पोहोचत नाही.

१६ जून

क्रॉसओव्हरवर काम सुरू आहे. एक हात दुसऱ्यावरून नेऊन पलीकडचा ड्रम वाजवणे यात प्रेक्षकांसाठीचा देखणेपणा असतोच, पण कित्येक फेऱ्यांत हाच जवळचा मार्गही असतो. ओलांडण्याच्या पातळ्या तीन: मॅलेटवरून मॅलेट, मनगटावरून मनगट आणि हातावरून हात. जेवढ्या कमी ओलांडण्याने काम भागेल तेवढेच करावे. वरचा हात उंच उचलण्याऐवजी खालचा हात पानाच्या जवळ ठेवला तर दोघांच्या आघातांची उंची सारखी राहते. रचना लिहितानाच कोणता हात वर हे ठरवून टाकावे; ते प्रत्येक वेळी हातावर सोडले तर मॅलेट एकमेकींवर आदळतात.

कानात संरक्षक बोळे घालून सराव करते. अमेरिकेतील नायोश या, कामाच्या जागेवरील आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत आणि १०० डेसिबलचा केवळ पंधरा मिनिटे सहन करावा. हे गणित आपल्या पथकांच्या मैदानावर कुणी मांडले, तर सरावाच्या वेळापत्रकाचे काय होईल याची कल्पना करवत नाही.

२१ जुलै

बँडचे ड्रम उन्हाळी सरावासाठी मिळाले. कॅरियर धरून वजन १५ किलोंहून अधिक आहे आणि फळीवर कमावलेले बरेचसे खांद्यांच्या थकव्यात पहिल्या अर्ध्या तासातच विरघळते. कॅरियरची उंची दोन खाचांनी खाली घेतली. पाने बेंबीच्या पातळीवर असताना पुढचे हात सपाट राहत होते आणि कोपरे वर ओढली जात होती; आता हात किंचित उतरते आहेत आणि खांदे सैल राहतात. फळीवरील १३२ ची फेरी खऱ्या ड्रमवर १२४ ला सम येते.

८ ऑगस्ट

ड्रम कोअर इंटरनॅशनलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये सुरू झाली असून आज प्राथमिक फेरी पाहिली. या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली आणि २००९ पासून, २०२० चा अपवाद वगळता, अंतिम स्पर्धा याच शहरात होत आली आहे. वेगवान पथकांच्या टेनर वादकांकडे केवळ हातांच्या दृष्टीने पाहिले असता, आघातापेक्षा आघातांमधला काळ अधिक शिकवून गेला. या वादकांचे हात नव्या ड्रमवर आघाताच्या पुष्कळ आधी पोहोचलेले असतात आणि मॅलेट तिथे खाली उतरण्याचीच बाकी असते. एवढ्या वेगातही हात घाईत दिसत नाहीत, ते यामुळेच.

१८ ऑगस्ट

चालण्याचा सराव. ड्रमलाइन प्रेक्षकांकडे तोंड ठेवूनच आडवी सरकते. पाय एकमेकांवरून ओलांडत टाकायच्या या चालीला क्रॅब स्टेप म्हणतात. पाच यार्ड आठ पावलांत, असे नेहमीचे माप असते. मागचा पाय ओलांडताना कंबर वळते, कंबरेबरोबर ड्रम वळतात आणि आघाताच्या जागा हाताखालून निसटतात. फळीवर चकत्या कधीच हलत नव्हत्या. म्हणून आता पाय हलवत, ड्रमऐवजी फळीच गळ्यात अडकवून, चौगुन न वाजवता फक्त दुगुन वाजवते आणि पोटाचे स्नायू आवळून कंबर स्थिर राहते का एवढेच पाहते.

१५ सप्टेंबर

बँड ज्यांत वाजवतो त्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांपैकी पहिले दोन झाले. मैदानावरील काळाचे गणित निराळेच आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे वीस यार्डांवरचा आवाज ५० मिलिसेकंदांहून अधिक उशिरा पोहोचतो; १६० च्या चौगुनीत दोन आघातांमधले अंतरच ९४ मिलिसेकंद असते. त्यामुळे दूरच्या वाद्यांचे ऐकून वाजवले की आघाताच्या अर्ध्याहून अधिक अंतराने मागे पडायला होते. मागे उभ्या असलेल्या ड्रमलाइनने स्वतःमध्ये लय धरायची आणि पुढच्यांनी मागून येणारा आवाज ऐकून तिच्याशी जुळवायचे, हा नियम यातूनच आला आहे. आमच्या ओळीत लय मधल्या स्नेअर वादकाची; मी कान तिकडे आणि डोळे बँडमास्टरच्या हाताकडे ठेवते.

२० ऑक्टोबर

स्थिर उभे राहून चारही ड्रमवरील चौगुन १४४ ला सम येते, चालताना १३६ ला. एकाच ड्रमवरची मर्यादा १५६ झाली आहे, म्हणजे सुरुवातीला बेचाळीस ठोक्यांचे असलेले अंतर बारावर आले. ध्वनिमुद्रणात नव्या ड्रमवरचा पहिला आघात आता तीन-चार मिलिसेकंदांपलीकडे चुकत नाही, अपवाद एकच: डाव्या हाताचा २ वरून ४ वर जाणारा स्वीप.

थंडी पडू लागल्यावर चौथ्या ड्रमचे पान आणखी मंद वाटू लागले, म्हणून पथकाच्या टेनर प्रमुखाच्या परवानगीने पान ताणणारे समोरासमोरचे स्क्रू जोडीजोडीने प्रत्येकी एक अष्टमांश वळसा आवळले. स्वर किंचित चढला, तिसऱ्या ड्रमपासूनचे अंतर कानाला अजून पुरेसे वाटते आणि स्वीपचा दुसरा आघात ऐकू येऊ लागला. तरीही लहरीत तो उजव्या बाजूच्या तुलनेत आठ-नऊ मिलिसेकंद उशिरा आहे. हिवाळ्यात फळीवर फक्त ही जोडी घेणार आहे: डावा हात, लय १३२, चौथ्या चकतीवर तिहेरी फ्लॅनेल आणि अंतर पुन्हा ६ सेंटिमीटरपासून.